जावयाच्या लिनक्सचा पंचनामा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
अधिक ज्येष्ठ वद्य एकादशी, गुरुवार

चि. हिमांशुराव यांना मधुसूदनचे मनापासून आशीर्वाद.

तुमची प्रकृती कशी आहे? पाठ दुखायची थांबली का? तुमच्या तीर्थरूपांचा रक्तदाब, मातोश्रींचे गुडघे आणि तुमच्या सोसायटीतली पाण्याची मोटार, या तिघांची खुशाली कळवावी. आम्ही इकडं ठीक आहोत. म्हणजे चौदा दिवस ठीक नव्हतो, काल दुपारी सव्वाबारापासून ठीक आहोत. सुटलो बुवा एकदाचा! इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं (त्या दिवशी गळ्यातले हारच फार जड होते). पत्राला कारण आहे, पण ते एकदम सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचायचे नाहीत, म्हणून ओळीनं सांगतो. फोन का केला नाही असं म्हणाल, तर फोनवर काही माणसं मध्येच बोलतात आणि काही मुळीच बोलत नाहीत. आमची लेक मनू गेले चौदा दिवस दुसऱ्या प्रकारात मोडते. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर तुमच्या सासूबाईंनी मला त्यातून काढून टाकलंय. त्या ग्रुपच्या ॲडमिन आहेत हे मला काढल्यावर कळलं.

प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे, पण अर्धंच. आणि अर्धं प्रकरण ठाऊक असलेला साक्षीदार सगळ्यात घातकी, हे कोर्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. (आधी बेलीफ, मग कारकून, शेवटी नाझर. तुमच्या लग्नाच्या बैठकीतही हे सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही मनूकडं बघत होता.) तर तुम्ही दोघं त्या रविवारी धोंड्याच्या जेवणाला आलात. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, त्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून सासूबाईंनी पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, कुरडया, केशर आंब्याचा रस असा बेत केला आणि तेहतीस अनारशांचं वाण दिलं. आता नारायणानं जेवल्यावर काय करावं? पोटावर हात ठेवून घटकाभर आडवं व्हावं. तुम्ही माझा लॅपटॉप चालू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायला बसलात. मी तुम्हाला सांगितलं होतं की तो सुरू होईस्तोवर माझी एक जपमाळ पुरी होते आणि त्यात माझी काही हरकत नाही. पण संथ चाललेलं यंत्र बघितलं की तुमचा हात शिवशिवतो. तुम्ही म्हणालात, बाबा, यातली सिस्टीम बदलतो, लिनक्स घालतो, फुकट असते, हलकी असते. फुकट म्हटल्यावर मी मान हलवली. त्या मान हलवण्याला संमती म्हणावं की नाही यावर नंतर आपला वाद झाला, तो इथं उकरत नाही.

खरं सांगायचं तर लिनक्स घातल्यावर लॅपटॉप असा पळायला लागला की माझे दहा मणीही होईनात. तुम्ही मला समजावूनही सांगितलं होतं. बाबा, यंत्र म्हणजे घर आणि सिस्टीम म्हणजे त्यातला भाडेकरू. भाडेकरू बदलला म्हणून भिंतींची हमी जात नाही. जुना भाडेकरू परत आणायचा झाला तर त्याचं बिऱ्हाड या पेनड्राइव्हवर बांधून ठेवलंय, असं म्हणून तुम्ही त्याला चिठ्ठीसुद्धा लावलीत. पण हिमांशुराव, तुम्ही हा दृष्टान्त कुणापुढं देत होता? मी आयुष्यभर घरांचे ताबे घेतले. भाडेकरू बदलताना भिंती कशा होतात, नळ कसे गायब होतात, एका इसमानं तर जाताना दाराची चौकटसुद्धा उपटून नेली होती, हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा तुमच्या त्या दृष्टान्तानं माझ्या मनात धीर यायचा, तर उलट तिथंच पाल चुकचुकली.

तुम्ही सोमवारी पुण्याला गेलात. बुधवारी सकाळी मी लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. चार्जरचा दिवा लागतोय, बटण मात्र मेल्यासारखं. त्या वेळी शेजारचे तात्यासाहेब पेपर न्यायला आले होते. (तात्यासाहेब म्हणजे फर्दापूरकडचे बागायतदार, लेकानं इथं बंगला बांधला म्हणून नाइलाजानं शहरात राहणारे. पेपर रोज माझा वाचतात आणि मला परत देताना बातम्या फोडून सांगतात.) त्यांना मी हकीकत सांगितली. त्यांनी ट्रॅक्टरवर हात ठेवावा तसा लॅपटॉपवर हात ठेवला आणि म्हणाले, "मधुसूदनराव, लई वंगाळ झालं बघा. कंपनीचा सोडून दुसरा पार्ट बसवला की कंपनी हात वर करती. आमच्या पावर टिलरला असंच झालतं. वॉरंटी गेली म्हणून समजा." वॉरंटी तीन वर्षांची, त्यातली जेमतेम दीड झालेली. लॅपटॉपची किंमत राहू द्या, पण त्यात माझं काम आहे हो! लोक माझ्याकडं निजामाच्या वेळचे उर्दूतले जमिनीचे कागद घेऊन येतात, ते मी मराठीत लावून देतो. पाचेकशे कागद त्यात उतरवलेत. त्यातल्या कित्येकांचे मूळ कागद आता हातात घेतले की भुगा होतो.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? दुरुस्तीला नेतो. मी पंचनामा केला. हसू नका. वस्तू जागेवरून हलवण्याआधी तिची स्थिती दोन पंचांसमक्ष लिहून घ्यायची, ही माझी हाडीमाशी खिळलेली रीत आहे. उद्या कंपनी म्हणाली की हे तुम्हीच मोडलं, तर आपल्याकडं कागद हवा. पंच क्रमांक एक तात्यासाहेब, पंच क्रमांक दोन समोरच्या रत्नमालाबाई (त्या कोथिंबीर मागायला आल्या होत्या, सही करून गेल्या). वस्तूच्या चतुःसीमा, रंग, ओरखडे, झाकण उघडण्याचा कोन, सगळं अकरा कलमांत लिहिलं, पंचांना वाचून न दाखवताच "वाचून दाखविले" असं खाली लिहिलं आणि सह्या घेतल्या. आता एक गोष्ट कबूल करतो. पंचनामा लिहिताना मी फक्त लिहितो. पंच बोलतात, हात चालतो, डोकं त्यात नसतं. असे हजारो लिहिले असतील. त्यातला एकही मी कधी वाचला नाही. तो वाचायचं काम वकिलांचं.

इथपर्यंत झालं ते झालं, पण दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्यावरून घरात जेवणाची ताटं आपटली गेली. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही शांतपणे सांगितलंत की लिनक्समुळं वॉरंटी जात नाही, खुशाल दुरुस्तीला न्या. मी म्हणालो, लेखी द्या. तुम्ही हसलात. मग मी तुमच्या सोयीसाठी मसुदा तयार केला: "मी, हिमांशू, वय चौतीस वर्षे, धंदा नोकरी, राहणार पुणे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपवरील मूळ सिस्टीम काढून दुसरी बसविली असून, त्यामुळे होणाऱ्या सर्व परिणामांस मी व माझे वारस जबाबदार राहतील." वारसांचा उल्लेख ठरीव नमुन्यात असतो, तुमच्यावर रोख नव्हता. आणि सर्व संबंधितांना प्रत द्यावी या नियमानं मी तो ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये तुमचे आईवडील आहेत हे माझ्या ध्यानात नव्हतं. व्याह्यांनी दोन जोडलेले हात पाठवले. मी ती पोच समजलो! चार मिनिटांत मनूचा फोन. म्हणाली, "बाबा, अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तुम्ही नोटीस दिलीत." आणि ठेवला. त्यानंतर आजतागायत नाही. रोज रात्री जेवणं झाल्यावर तिचा फोन यायचा, भाजी काय केली इथपासून सुरू व्हायचा. आता ती वेळ झाली की तुमच्या सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा वाढवतात. बोलत काही नाहीत. त्यांनी बोललेलं परवडतं हो.

चौदा दिवस मी लॅपटॉप दुरुस्तीला नेला नाही. का, तर प्रतिज्ञापत्र यायची वाट बघत होतो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण म्हणजे भीती. सर्व्हिस सेंटरवाला म्हणेल, लिनक्स घातलंय, वॉरंटी संपली, न्या परत. मग मला ते तुमच्या नावावर टाकावं लागेल आणि मग मनू कायमचीच तुटेल. नेलं नाही तर निदान तारीख पुढं ढकलल्यासारखी राहते. शेवटी काल सासूबाईंनी लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घातला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, तुम्ही येताय का मी एकटी जाऊ? रिक्षात मी खोटं बोलायची तालीम सुरू केली. सिस्टीम आपोआप बदलली. नाही, विजेचा धक्का बसला. नाही, घेतला तेव्हापासूनच असा होता. आयुष्यभर लोकांना खरं बोलायची शपथ घेताना बघितलेला माणूस मी, पडेगाव ते औरंगपुरा तोंडातल्या तोंडात खोटं घोकतोय. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलंच, "चाचा, तबियत ठीक है ना? इत्ता टेन्शन कायकू?"

सर्व्हिस सेंटर औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर. काउंटरवर सायली नावाची इंजिनिअर मुलगी, कानावर पेन्सिल, समोर उघडलेले चार लॅपटॉप. तिनं नुसतं विचारलं, काका, काय होतंय? झालं! माझी सगळी तालीम पाण्यात. मी एका दमात सांगून टाकलं: लिनक्स घातलंय, जावयानं घातलंय, मी मान हलवली होती, मूळची सिस्टीम या पेनड्राइव्हवर आहे, हा पंचनामा, हे वॉरंटी कार्ड, आता जे काय असेल ते सांगा. मागं रांगेतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. ती पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, लिनक्स टाकलं म्हणून वॉरंटी जात नाही. बसा ना."

हिमांशुराव, मी खुर्चीवर बसलो नाही, कोसळलो. मी तिला तीनदा विचारलं. तिनं तीनदा सांगितलं, तेही न चिडता. म्हणाली, आमची हमी यंत्राची असते. बॅटरी, स्क्रीन, बोर्ड, कीबोर्ड यांत आपसूक बिघाड झाला तर आत सिस्टीम कुठली आहे ते आम्ही बघत नाही. मात्र त्या दुसऱ्या सिस्टीममध्येच काही अडलं, तर ते तुमचं तुम्ही निस्तरायचं. दुसरी सिस्टीम टाकल्यानंच एखादा भाग खराब झाला असं दिसलं तर ती दुरुस्ती हमीत बसत नाही. आणि कधी तपासणीसाठी आम्हाला मूळची सिस्टीम परत घालावी लागते, तेव्हा आतलं काम आधी दुसरीकडं उतरवून ठेवत जा. प्रत्येक कंपनीच्या अटी थोड्या वेगळ्या, म्हणून कार्ड वाचायचं असतं. मी म्हणालो, कार्ड तर मी जपून लॅमिनेट केलंय. तिनं ते ट्यूबलाइटसमोर धरून उलटसुलट करून बघितलं. मी कार्ड दुमडलेलं असतानाच लॅमिनेट केलं होतं. अटी सगळ्या आतल्या बाजूला. तुमच्या सासूबाई "अगं बाई!" म्हणाल्या, त्या तिथं तेवढंच बोलल्या. (म्हणजे तुम्ही सांगितलेलं घर आणि भाडेकरू हे शब्दशः बरोबर होतं. हे मी इथं कंसात लिहितोय, पण लिहितोय.)

मग तिनं पंचनामा हातात घेतला. मी म्हणालो, राहू द्या, तो रीत म्हणून आहे. पण ती वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून. माझा पंचनामा कुणी असा चवीनं वाचताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. सातव्या कलमाशी ती थांबली, ओठ दाबून धरले आणि मोठ्यानं वाचलं: "कीबोर्डच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, चालू-बंद करण्याच्या बटणाभोवती, पिवळसर, सुकलेला, चिकट पदार्थ दिसून आला. पंच क्रमांक एक यांनी तो नखाने काढून चाखला असता, सदर पदार्थ आमरस असून तो केशर आंब्याचा असल्याचे त्यांनी खात्रीपूर्वक सांगितले." अहो, हे मी माझ्या हातानं लिहिलेलं! खाली माझी सही! तात्यासाहेब त्या दिवशी "केशरच हाय, आमच्याकडचा नाय पण" असं म्हणाल्याचं मला आत्ता आठवतं. त्यांनी चाखलं, मी लिहिलं आणि दोघंही वॉरंटीची चर्चा करत बसलो.

आता दुसरंच संकट उभं राहिलं. कारण सांडलेला पदार्थ मात्र हमीत बसत नाही, असं त्या मुलीनं लगेच सांगितलं. म्हणजे चौदा दिवस मी ज्या कारणासाठी झुरलो त्यानं वॉरंटीला धक्का नाही आणि ज्याची मी स्वतः नोंद केली त्यानं धक्का! पण देव पाठीशी होता. तिनं मागचं झाकण काढून बघितलं, रस आत उतरलाच नव्हता. बटणाच्या खाचेत आंब्याची एक शीर अडकून वाळली होती, त्यामुळं बटण दाबलं तरी खाली जात नव्हतं. तिनं चिमट्यानं ती शीर काढली, कसल्याशा द्रवानं पुसलं, बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू झाला. काही बदलायचं नाही, हमीत काही मागायचं नाही, हमी जशीच्या तशी. पाचशे कागद जागच्या जागी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. त्या मुलीला मी आशीर्वाद दिला आणि लॅमिनेशन कापायला कात्री मागितली. तिनं पंचनाम्याची झेरॉक्स ठेवून घेतली, ऑफिसात लावते म्हणाली. घरी येताना सासूबाईंनी रिक्षा थांबवून कोथिंबीर घेतली. ती रत्नमालाबाईंना देणं बाकी होतं.

राहता राहिला प्रश्न रस सांडला कुणी. याबाबत थेट पुरावा उपलब्ध नाही. घरात त्या रविवारी चार माणसं होती आणि चौघांनीही रस खाल्ला. तुम्ही लॅपटॉपसमोर दीड तास बसला होता, हेही नोंदवून ठेवतो. संशयाचा फायदा सर्वांना द्यावा आणि प्रकरण निकाली काढावं असं माझं मत आहे. तो मसुदा रद्द समजावा. व्याह्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगावा आणि वारसांबद्दलचं वाक्य ठरीव नमुन्यातलं होतं हेही आवर्जून सांगावं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायचं काम आता माझ्याकडं लागलं.

तुमचा सासरा,
मधुसूदन

ता.क. १: पत्र मनूला वाचायला द्यायला हरकत नाही, पण "मी व माझे वारस" असलेलं पान तेवढं बाजूला ठेवा.

ता.क. २: रसाबाबत. मंगळवारी दुपारी उरलेला रस वाटीत घेऊन मी लॅपटॉपवर एकट्यानं पत्ते खेळत होतो. तो खेळ तुमच्या लिनक्समध्येच सापडला. डाव जिंकलो तेव्हा वाटी कलंडली. मी धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि विसरलो. तुमचा काही संबंध नव्हता. चुकलो, हिमांशुराव. नारायणाला आरोपी केलं. मनापासून माफी मागतो.

ता.क. ३: आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. अधिक महिना सोमवारी संपतोय. हे पत्र स्पीड पोस्टानं शनिवारपर्यंत मिळावं. रविवारी दोघं जेवायला या. आणि लॅपटॉप चालू झाला असला तरी त्याचा तुम्ही घालून दिलेला पासवर्ड मी साफ विसरलो आहे, त्यामुळं काम अडलंय. पासवर्ड पत्रात किंवा ग्रुपवर लिहिणं धोक्याचं, तुम्ही ऑफिसात असता, तेव्हा मनूनं मला फोन करून तोंडी सांगावा. निकडीचं आहे.

ता.क. ४ (हे मी, तुमची सासू भानुमती, लिहितेय. आमचे हे पाकीट आणायला गेलेत): हिमांशुराव, पासवर्ड यांना तोंडपाठ आहे. काल काउंटरवर त्या मुलीसमोर यांनीच एका झटक्यात घातला, मी शेजारी उभी होते. तरी मनूला म्हणावं, पासवर्ड सांगायला फोन कर. आणि सांगताना एकेक अक्षर सावकाश सांग, दोनदा चुकव. तेवढंच त्यांना जास्त बोलायला मिळेल.